कोर्स प्लॅनरमध्ये क्रेडिटची बेरीज चुकते आणि पूर्वअटींची तपासणी अडकते. दुरुस्त कसं करू?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. बीएस्सीच्या सहा सत्रांची बेरीज गूगल शीटमध्ये १२६ येते, पण तोच डेटा पायथनमध्ये घेतला की १३२ येते. एटीकेटीचा, म्हणजे नापास होऊन पुन्हा द्यायचा, विषय पुढच्या सत्रात पुन्हा लिहिला की क्रेडिट फुगतात. आणि पूर्वअटी, म्हणजे एखाद्या विषयाआधी कोणते विषय व्हायला हवेत, हे तपासणारं फंक्शन स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावत राहतं आणि रिकर्शन एरर देऊन बंद पडतं. आमच्या विभागात नोंदणीच्या आधी मुलांचे असे तक्ते मी बघते, म्हणून आधीच सांगते: सूत्रं बदलत बसू नका. सूत्रं सांगितलं तेच करताहेत, माहितीची मांडणी चुकली आहे.

१३२ हा आकडा बरोबर असण्याची शक्यता जास्त. राज्य शासनाच्या एप्रिल २०२३ च्या रचनेत एका सत्राला २० ते २२ क्रेडिट आहेत, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. बावीस सक एकशे बत्तीस. शीटमध्ये ६ कमी पडतात, म्हणजे बहुधा दोन-दोन क्रेडिटचे तीन विषय बेरजेत आलेलेच नाहीत. भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, सहअभ्यासक्रम अशा छोट्या विषयांच्या ओळी आधी बघा. तुम्ही अभ्यासक्रमाच्या पीडीएफमधून क्रेडिट कॉपी केलेत, असं लिहिलं आहे. तिथला देवनागरी ‘२’ शीटला अंक न वाटता मजकूर वाटू शकतो, आणि बेरीज करताना शीट मजकूर मुकाट्याने सोडून देते. अंकाला चिकटून न तुटणारी मोकळी जागा आली असेल, तरी तेच होतं. पायथनचं इंट फंक्शन मात्र देवनागरी अंक व्यवस्थित वाचतं आणि कडेची मोकळी जागाही काढून टाकतं. एकाच डेटाची दोन उत्तरं येतात ती त्यामुळे.

खात्री करायला एक मिनिट पुरे. क्रेडिटच्या स्तंभावर, शीर्षक सोडून, काउंट आणि काउंटए ही दोन फंक्शन चालवा. पहिलं फक्त अंक मोजतं, दुसरं भरलेले सगळे रकाने. दोन्हींत तीनचा फरक आला तर दोष सापडला. ट्रिमने ती मोकळी जागा जात नाही, सबस्टिट्यूटने काढावी लागते. मोजकेच रकाने असतील तर सरळ हाताने पुन्हा टाइप करा.

विषय जोडताना नावावरून जुळवू नका, कोडवरूनच जुळवा. मराठीत सारखीच दिसणारी दोन नावं आतून वेगळी असू शकतात, कारण अक्षरांमध्ये न दिसणारा जोडक बसलेला असतो. कोडचा स्तंभ आधी ‘साधा मजकूर’ करून ठेवा, नाहीतर रोमन लिपीतला एमएआर-२१ सारखा कोड शीट मार्च महिन्याची तारीख समजून बदलून टाकते. हे किरकोळ वाटेल, पण स्प्रेडशीटच्या याच सवयीमुळे मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावं बदलली. आणि व्हीलुकअप वापरत असाल तर शेवटचा पर्याय ‘फॉल्स’ लिहा. तो रिकामा सोडला की शीट यादी क्रमवार आहे असं धरून जवळपासची ओळ उचलते आणि दुसऱ्याच विषयाचे क्रेडिट दाखवते, तेही एरर न देता.

आता एटीकेटी. तुमच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक विषयही आहे आणि परीक्षेचा एक प्रयत्नही. या दोन गोष्टी वेगळ्या करा. एका पानावर विषय: कोड, क्रेडिट, गट (मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय वगैरे). दुसऱ्या पानावर प्रयत्न: कोड, सत्र, निकाल. क्रेडिट फक्त पहिल्या पानावरून घ्यायचे, आणि दुसऱ्या पानावर त्या कोडचा निदान एक उत्तीर्ण निकाल असेल तर एकदाच मोजायचे. मग तोच पेपर तुम्ही कितीही वेळा दिलात तरी बेरीज हलणार नाही. ‘मिळालेले’ आणि ‘नियोजित’ क्रेडिटही वेगळे दाखवा. आपण कुठे आहोत हे न कळल्याने मुलं शेवटच्या वर्षी अडकतात, आणि ते बघताना खरंच वाईट वाटतं.

गटांचंही तसंच. एक विषय मेजरमध्येही आणि मायनरमध्येही धरला तर दोन्ही गट पूर्ण दिसतात आणि पदवी अपुरी राहते. सगळ्या गटांची बेरीज एकूण क्रेडिटइतकी येते का, हे तपासणारा एक रकाना कायम डोळ्यासमोर ठेवा. ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा लागतो, ही अटही तपासणीत घाला. बीएस्सीवाल्याने विज्ञानातलाच दुसरा विषय तिथे टाकला, तर बेरीज जुळूनही आराखडा चुकतो.

रिकर्शन एररसाठी मर्यादा वाढवू नका. पायथनची मर्यादा साधारण १००० पायऱ्यांची असते आणि पूर्वअटींची इतकी लांब साखळी कुठल्याच पदवीत नसते. तुमच्या डेटात गोल फेरा आहे. बहुतेकदा तो थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या जोडीत सापडतो: थिअरीपुढे प्रॅक्टिकल लिहिलेलं, प्रॅक्टिकलपुढे थिअरी. या पूर्वअटी नाहीत, हे विषय एकाच सत्रात सोबत घ्यायचे असतात. त्यांच्यासाठी ‘सहअट’ असा वेगळा स्तंभ करा. पूर्वअटीचा विषय आधीच्या सत्रात हवा, सहअटीचा आधीच्या किंवा त्याच सत्रात चालतो. सत्रांची तुलना करताना पूर्वअटीला ‘<’ आणि सहअटीला ‘<=’ हे चिन्ह लिहा.

फेरा शोधायला आर्थर कान यांची १९६२ ची रीत वापरा, कागदावरही जमते. ज्यांना एकही पूर्वअट नाही ते विषय खोडा. त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांची ती अट पुसा. आता जे मोकळे झाले तेही खोडा. असं करत शेवटी जे उरतील ते एकतर फेऱ्यात आहेत किंवा फेऱ्यातल्या विषयावर अवलंबून आहेत. अट ‘गणित, आणि सी किंवा पायथन’ अशी असेल तर स्वल्पविराम देऊन तीन विषय लिहू नका. ‘गणित’ हा एक संच आणि ‘सी, पायथन’ हा दुसरा, प्रत्येक संचातला निदान एक विषय झालेला हवा. आणि पूर्वअट म्हणजे उत्तीर्ण होणं की नुसता तो विषय घेतलेला असणं, हे विभागात विचारूनच ठरवा. एटीकेटी असलेल्यांचा पुढचा सगळा आराखडा या एका उत्तराने बदलतो.

एवढं झालं की तुमच्याच रचनेतून पदवी पूर्ण केलेल्या एखाद्या सीनियरच्या गुणपत्रिका मागून प्लॅनरमध्ये भरा. ‘पदवी पूर्ण’ असं उत्तर यायला हवं. मग त्यातला एकच विषय काढा. प्लॅनरने लगेच नेमकी कमतरता दाखवली पाहिजे. पूर्ण झालेली पदवी अपूर्ण दाखवणारा प्लॅनर निदान तुम्हाला चौकशी करायला लावतो; अपूर्ण पदवी पूर्ण दाखवणारा जास्त घातक.

फेऱ्यात उरलेल्या विषयांच्या ओळी इथे टाकल्यात तर कुठली अट काढायची ते बघून सांगते. टाकण्याआधी पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि नाव मात्र पुसा.