मेवेदर की पॅकियाओ? माझं मत पॅकियाओला, पण कारण वेगळं आहे

भाऊ, तुमच्या धुळ्याच्या तालमीतला वाद वाचला. एका पठ्ठ्याचं म्हणणं, व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ५० पैकी ५० लढती जिंकलेला फ्लॉइड मेवेदर सर्वकालीन मोठा, कारण त्याने मॅनी पॅकियाओला समोरासमोर हरवलंय. दुसरा म्हणतो, आठ वजनगटांत विजेतेपद मिळवणारा पॅकियाओच. वर तुमचा प्रश्न, नव्या पोराने कुणाचं बघून शिकावं?

आधी त्या समोरासमोरच्या लढतीचं उरकून टाकू. २ मे २०१५, लास व्हेगास. आपल्याकडे रविवारची सकाळ होती, जळगावात उन्हाने तोवर जीव काढायला सुरुवात केलेली. बारा फेऱ्या झाल्या आणि पंचांनी ११८-११०, ११६-११२, ११६-११२ असे गुण मेवेदरला दिले. निकाल बरोबरच होता. पॅकियाओ डावखुरा, मेवेदर त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर आपला डावा पाय टाकायचा, सरळ उजवा ठोसा घालायचा आणि समोरच्याचा हात येईपर्यंत तिथून निघून गेलेला असायचा. चौथ्या फेरीत पॅकियाओचा डावा लागला, मेवेदर दोरांना टेकला, तेवढीच काय ती गंमत. पण एक ३८ वर्षांचा, दुसरा ३६ चा. हीच लढत २००९-१० मध्ये व्हायची होती, ती उत्तेजकांसाठीच्या रक्ततपासणीच्या वादात फिसकटली. त्या रात्री कोण सरस होता एवढंच २०१५ सांगतं.

दोघांनी हरवलेले सारखे प्रतिस्पर्धी मोजायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यातही फसगत आहे. रिकी हॅटनला मेवेदरने २००७ मध्ये दहाव्या फेरीत थांबवलं, पॅकियाओने २००९ मध्ये दुसऱ्याच फेरीत आडवा केला. म्हणून पॅकियाओ पाचपट भारी का? हॅटन मधल्या काळात तोच राहिला नव्हता. ऑस्कर डी ला होयाविरुद्ध मेवेदरला २००७ मध्ये विभागून निर्णय मिळाला, म्हणजे तीनपैकी दोनच पंच त्याच्या बाजूने, तर २००८ मध्ये पॅकियाओपुढे ऑस्कर आठव्या फेरीनंतर स्टुलावरून उठलाच नाही. पण तो त्या दिवशी वजन उतरवून उतरवून सुकलेला होता. उलट हुआन मॅन्युएल मार्केझ बघा: पॅकियाओला त्याने चार लढतींत रडवलं, २०१२ मध्ये तर सहाव्या फेरीच्या शेवटच्या क्षणी तोंडावर पाडलं. मेवेदरने त्याला २००९ मध्ये सहज हरवलं. फक्त ठरलेल्या वजनापेक्षा जड येऊन आणि त्याचा दंड भरून, हे मात्र त्याचे चाहते सांगत नाहीत.

मेवेदरला ‘पळपुटा’ म्हणणाऱ्यांनी २००१ ची डिएगो कोरालेसची लढत बघावी. कोरालेस उंच, हातात दम, तोवर एकही हार नाही. मेवेदरने त्याला पाच वेळा खाली बसवलं, दहाव्या फेरीत त्याच्याच कोपऱ्यातल्या माणसांनी लढत थांबवली. नुसत्या कसबाच्या बाबतीत या काळात त्याच्या जवळपास कुणी नाही, माझ्या लेखी पॅकियाओसुद्धा नाही.

मग माझं मत पॅकियाओला का? आपल्याकडे यात्रेतल्या कुस्तीच्या दंगलीत वजनकाटा नसतो. पंच डोळ्याने जोड लावतात, आणि पैलवान मोठ्याच्या हाताला हात लावतो तेव्हाच लोक पुढे सरकून बसतात. पॅकियाओची सगळी कारकीर्द तशी आहे. १९९८ मध्ये तो साधारण ५१ किलोच्या गटात जगज्जेता होता. २०१० मध्ये अँटोनिओ मार्गारिटोपुढे उभा राहिला तेव्हा रिंगमधला मार्गारिटो त्याच्याहून साडेसातेक किलोने जड होता. मार्गारिटोचं डोळ्याखालचं हाड मोडलं, अकराव्या फेरीत पॅकियाओच पंचाकडे बघून ‘थांबवा’ म्हणत होता. ‘आठ’ या आकड्याला मी फार भुलत नाही. चार मोठ्या संघटनांचे जगज्जेतेपदाचे पट्टेच मोजले तर तो कमी होतो, आणि मिगेल कोटोशी झालेली लढतही गटाच्या मर्यादेपेक्षा कमी, आपसात ठरवलेल्या वजनावर झाली. पण बरेरा, मोरालेस, मार्केझ हे मेक्सिकोचे तिघे भरात असताना तो त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेला. मोरालेसकडून २००५ मध्ये हरला, २००६ मध्ये दोनदा त्याला थांबवलं. चाळिशीत, २०१९ ला, तोवर अपराजित असलेल्या कीथ थर्मनला पहिल्याच फेरीत पाडून हरवलं. मेवेदरच्या हारींचा शून्य खरा आहे, पण कोणाशी कधी लढायचं हे त्याने फार जपून ठरवलं. आणि पन्नासावी लढत मिश्र मार्शल आर्ट्सवाल्या मॅकग्रेगरशी, ज्याची ती बॉक्सिंगमधली पहिलीच व्यावसायिक लढत होती. ती मी तरी धरत नाही.

आता शिकायचं. मेवेदरचा डावा हात कमरेशी आणि खांद्यावर ठोसा झेलणं हे पोरांना लगेच आवडतं. ते करू देऊ नका. त्याला नजरेचं टायमिंग लागतं, ते बालपणापासून घडवावं लागतं; शिवाय समोर डावखुरा आला की ती ढाल उघडी पडते. खुद्द मेवेदरने पॅकियाओपुढे ती फार वापरली नाही. हौशी लढतीत तीनच फेऱ्या, तिथे पवित्रे दाखवायला वेळ कुठे? हात वर, जॅब (पुढच्या हाताचा ठोसा) सरळ, एवढं पक्कं झालं की पॅकियाओचे २००८-०९ मधले पाय दाखवा: ठोसे मारून झाल्यावर तो सरळ मागे कधी येत नाही, बाजूला निघतो. फक्त तुमच्या पोराने समोरच्याच्या मागच्या, जोरदार हातापासून लांबच्या बाजूला निघायचं, नाहीतर त्याच हातात जाऊन पडेल.