३ मिमी एमएस (माइल्ड स्टील) पत्र्यातून २५० मिमीची गोल चकती घरी कशी कापावी?

चकतीच्या मधोमध ६ मिमीचं भोक चालणार असेल, तर जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या ब्लेडची विजेची करवत) आणि एक लोखंडी पट्टी पुरते. पट्टी जिगसॉच्या तळाला घट्ट बसवा, दुसऱ्या टोकाला ६ मिमीचा बोल्ट टाका आणि तो पत्र्याच्या मधल्या भोकात फिरू द्या.

खरी मेख इथे आहे: बोल्टचा मध्य ब्लेडच्या बरोबर काटकोनात, दातांच्या रेषेत हवा. तो जरा पुढे-मागे झाला की ब्लेड वाकतं आणि सुरुवात-शेवट जुळत नाही. चकती हवी असेल तर १२५ मिमी माप बोल्टच्या मध्यापासून ब्लेडच्या आतल्या बाजूपर्यंत घ्या. भोक हवं असेल तर बाहेरच्या. बारीक दातांचं धातूचं ब्लेड, कमी वेग, थोडं तेल. ब्लेड शिरायला रेषेबाहेर, टाकाऊ भागात १० मिमीचं भोक पाडा.

ग्राइंडरने करायचंच असेल तर झिजून लहान झालेली १ मिमी जाडीची कटिंग चकती वापरा, दोन-तीन उथळ फेऱ्यांत कापा. गार्ड (चकतीवरचं संरक्षक आवरण) मात्र कधीही काढू नका. गोलाईत कटिंग चकती अडकून फुटते, आणि तुकडा थेट तोंडावर येतो.

५० मिमीपर्यंतच्या भोकांना होल सॉ (ड्रिलला लावायची दातेरी कपासारखी करवत) उत्तम; ५० मिमीला साधारण १८० आरपीएमवर.