मालिका चालू आहे तोवर फ्लॅट घेऊन टाकू का?

तुम्ही कळवलेले आकडे असे: वय 25, रोजच्या मालिकेत मुख्य भूमिका, दिवसाला 8,000 रुपये, महिन्याला साधारण 20 दिवस शूटिंग. साठवलेले आणि बाबांनी दिलेले मिळून 26 लाख हाताशी. कांदिवलीतला 80 लाखांचा रीसेल वन बीएचके तुमच्या आणि बाबांच्या नावावर घ्यायचाय. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: एका सिनेमासाठी विचारणा झालीय, पण मालिका सोडावी लागेल.

मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. फ्लॅट आत्ता घेऊ नका.

30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच पैसे देते, म्हणजे जास्तीत जास्त 64 लाख. समजा, तुम्ही 60 लाख घेतले. वरचे 20 लाख तुमचे. मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के, घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर 5. बाबांचं नाव घातलंत की 80,000 ची सवलत गेली. नोंदणीचे 30,000 आणि दलाली धरली की 26 लाख जवळपास संपले. त्यावर व्याज साडेआठ टक्के धरलं, तर 20 वर्षं सुमारे 52,000 चा हप्ता.

महिन्याच्या 1,60,000 च्या बिलातून 10 टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) जाऊन 1,44,000 येतात, तेव्हा 52,000 झेपतील असं वाटणं साहजिक आहे. पण तुमच्या धंद्यात पैसे 90 दिवसांनी येतात. समजा, मालिका मार्चअखेर बंद झाली. जूनपर्यंत पैसे येत राहतील, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटणारच नाही. सप्टेंबरात नवं काम लागलं तरी त्याचं पहिलं मानधन डिसेंबरअखेर. मधले सहा महिने खात्यात काहीच येणार नाही आणि हप्ता मात्र दर महिन्याला जाणार. अशा वेळी समोर येईल ती भूमिका घ्यावी लागते. पंचविशीत तुमच्यावर ही पाळी यावी असं मला अजिबात वाटत नाही.

तुमचा महिन्याचा खर्च भाड्यासकट 70,000 आहे. वर्षाचे साडेआठ लाख बाजूला काढून एफडी आणि लिक्विड फंडात (पटकन पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) ठेवा, त्यांना हात लावू नका. टीडीएस कापला म्हणजे कर संपला असं नाही, उरलेल्या करासाठी वेगळं खातं करा. बाकीचे पैसे घरासाठीच राहू द्या, पण घर तीन-चार वर्षांत हवं असेल तर ते शेअर बाजारात घालू नका.

जीएसटीकडेही बघा. नुसत्या मालिकेचे वर्षाला 19,20,000 होतात. दोन-चार उद्घाटनांच्या सुपाऱ्या घेतल्यात की 20 लाखांची मर्यादा ओलांडली, मग नोंदणी आणि 18 टक्के. ते बिलात वेगळे लावायचे हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर खिशातून भरावे लागतील.

सिनेमा करायचा की नाही, हे तुम्ही तुमच्या कामाकडे बघून ठरवा. फ्लॅटचा हप्ता डोक्यावर नसेल, तर पैशाच्या बाजूने अडसर नाही. फक्त मानधनाचे टप्पे करारात लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता डबिंगच्या आधी मिळेल असं बघा. होकार देण्याआधी मालिकेच्या करारातलं नोटिशीचं कलम नीट वाचा. मध्येच सोडल्यास भरपाई द्यायची असेल, तर तो आकडा मला कळवा. मग सिनेमाचं मानधन पुरतं का, ते बघू.