परदेशात राहणाऱ्या बोत्स्वानाच्या लोकांना मायदेशाशी जोडलेलं राहायला कोणती साधनं आहेत?

बातम्यांसाठी म्हणाल तर 'म्मेगी', 'द व्हॉइस' आणि सरकारी 'डेली न्यूज' ऑनलाइन वाचता येतात. भारतात असाल तर उच्चायुक्तालय दिल्लीत आहे. परदेशातल्या ठरावीक दूतावासांत नोंदणी करून मतदानही करता येतं. १९६६ पासून सत्तेत असलेला पक्ष २०२४ मध्ये पडला, तेव्हा माझ्या भाडेकरू मुली दिवसभर फोनला चिकटून होत्या.

पण ही यादी कुणीही देईल. घराशी माणूस बांधलेला राहतो तो वर्गणीने आणि मयताने, बातम्यांनी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्यात आमचा वरचा फ्लॅट बोत्स्वानाहून शिकायला आलेल्या मुलींना दिलाय. त्यांतल्या एकीची आजी तिकडे सेरोवे गावी वारली, ऐन परीक्षेच्या तोंडावर. थेट विमान नाही, आदिस अबाबा नाहीतर जोहान्सबर्गला बदलायचं, आणि ऐनवेळच्या तिकिटाचे पैसे आणायचे कुठून? तिला जाता आलं नाही.

तिकडे मयत आपल्यासारखं त्याच दिवशी उरकत नाहीत. दफन बहुतेक शनिवारी. तोवर रोज संध्याकाळी घरी प्रार्थना, गावोगावचे नातेवाईक जमतात, शुक्रवारी पार्थिव घरी आणतात, रात्रभर भजनं आणि शनिवारी उजाडता उजाडता दफन. या खर्चासाठी वस्तीवस्तीत मंडळं असतात, आपल्या भिशीसारखी. दर महिन्याला थोडे पुला (तिकडचं चलन) भरायचे, घरात कुणी गेलं की मंडळ पैसे देतं आणि बायका येऊन चुलीपाशी उभ्या राहतात. पोरगी इथे मेसचं बिल थकवायची, पण आईच्या मंडळातला स्वतःचा वाटा जोहान्सबर्गच्या मावसभावाकरवी वेळेवर पोचवायची.

त्या शुक्रवारी तिने फोन कुकरला टेकवून ओट्यावर ठेवला. मे महिन्याचा उकाडा, तरी डोक्याला रुमाल आणि खांद्यावर शाल, कारण तिकडे बायका मयताला तशाच बसतात. सेरोवेत साडेदहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दोन. तिकडून गाणं सुरू झालं की या चौघीजणी इथून सूर धरायच्या. मध्येच नेट जायचं, तरी या थांबायच्या नाहीत. नेट आलं की तिकडच्यांना गाठायच्या. आमची ही चहाचा थर्मास घेऊन वर गेली ती पहाटेच खाली आली.

सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला, "तुमचे ते आफ्रिकन पार्टी करतायत." म्हटलं, मयत आहे. तर म्हणे, "मयताला गातात का कुणी?" ज्या माणसाकडे वडील गेले तेव्हा रात्रभर टाळ कुटले होते, तो हे विचारत होता! आपल्याकडच्या सकाळी साडेनऊला, म्हणजे तिकडे उजाडताना, माती लोटायला सुरुवात झाली. घरचे पुरुष फावडी एकमेकांच्या हातात देत होते, आणि एक चुलतभाऊ एका हातात फोन धरून इथे त्या पोरीला दाखवत होता. तेवढ्यात खाली आमच्या भाडेकरूंबद्दल सोसायटीची नोटीस लागली.

म्हणून विचारणाऱ्याला सांगतो: ॲप शोधण्याआधी गावच्या मंडळात नाव चालू ठेवा, आणि मयताला फोन धरणारा एक चुलतभाऊ पक्का करा. पैसे पाठवायचे तर तिकडे ऑरेंज मनी, मायझाका ही मोबाइल पाकिटं चालतात. कुठल्या देशातून थेट जातात ते मात्र आधी तपासा. दुहेरी नागरिकत्वाबाबत बोत्स्वाना आपल्यासारखाच कडक राहिलाय, त्यामुळे दुसरा पासपोर्ट घेण्याआधी दूतावासात विचारा. आणि माझा अनुभव एका घरापुरता. लंडनला नर्स असलेल्या बाईचं गणित वेगळं असेल.

ज्यांचे फ्लॅट रिकामे आहेत त्यांनी या पोरांना जरूर द्यावेत. परदेशी भाडेकरू आला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची (पूर्वी याला सी फॉर्म म्हणत), करार नोंदवायचा, पोलिसांत कळवायचं. सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. आदर्श उपविधींत तसंच आहे. आमच्या सेक्रेटरींना मी त्याची झेरॉक्स दिली आहे, नोटीस अजून काढलेली नाही.