व्हीआरमध्ये स्पर्शाऐवजी काय देता येईल?

प्रश्न असा आहे: बेळगावातल्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपसाठी लेथचं (धातू कातायच्या यंत्राचं) व्हीआर, म्हणजे हेडसेटमधल्या आभासी जगातलं, प्रशिक्षण बनवताय, पण हँडल धरलं तरी हाताला काहीच लागत नाही. कमी पैशांत काय करावं?

जोर परत देणारे ग्लोव्ह प्रोजेक्टच्या बजेटमध्ये बसत नाहीत, तो नाद सोडा. हुबेहूब स्पर्श नको, ‘लागलं’ एवढी खबर अचूक वेळी मिळाली तरी पुरते. माझ्या मते यातलं निम्मं काम डोळे करतात. खरा हात पुढे गेला तरी दिसणारा हात हँडलवरच थांबवा, आत घुसू देऊ नका, आणि त्याच क्षणी लोखंडाचा बारीक ‘टक्’ वाजवा. चक (लेथवर काम पकडणारा जड भाग) उचलताना दिसणारा हात खऱ्याच्या 80 टक्केच हलवून बघा, चक जड वाटतो.

मग कंपन. 10 मिमीची, नाण्यासारखी चपटी, कंपन देणारी मोटर अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या नखावर पट्टीने बांधा. जाड काळा हातमोजा नको, हेडसेटच्या कॅमेऱ्यांना बोटं नीट ओळखू येत नाहीत. मोटर 3 व्होल्टवर साधारण 80 मिलिअँपिअर घेते, तेवढं ईएसपी32 ची (मोटर चालवणाऱ्या छोट्या कंट्रोल बोर्डाची) पिन देऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक मोटरला 2एन2222 ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि मोटरला समांतर उलटा डायोड. डायोड राहिला तर मोटर बंद होताना उसळणारा व्होल्टेज ट्रान्झिस्टर घालवतो.

खरी परीक्षा क्रॉस स्लाइडच्या (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) डायलवर होते. रेघेगणिक एक टिचकी हवी, पण ही मोटर पूर्ण वेग घ्यायलाच 50 ते 100 मिलिसेकंद लावते. डायल भराभर फिरवला की टिचक्यांची नुसती भुणभुण होते. तिथे एलआरए मोटर (फिरण्याऐवजी पुढेमागे हलणारी, पटकन प्रतिसाद देणारी) आणि ती चालवणारी डीआरव्ही2605एल ड्रायव्हर चिप घ्या, तो ड्रायव्हर कंपनाला ब्रेकही लावतो. या सगळ्या ड्रायव्हरांचा आय-टू-सी पत्ता (बोर्ड ज्या तारांवरून चिपशी बोलतं त्यावरची ओळख) एकच असतो, त्यामुळे दोन बोटांसाठी त्यांना वेगळं करणारा टीसीए9548ए मल्टिप्लेक्सर लागेल. चक फिरतोय म्हणून सतत कंपन मात्र देऊ नका. कातडी सरावते, मग टिचकी कळतच नाही.

बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर) किंवा फिनिशिंग बोटाला कळणं यातून जमणार नाही. आणि हँडलपुरतं बोलायचं तर सगळ्यात भरवशाचा उपाय भंगारात मिळेल: जुन्या लेथचं हँडल, डायलसकट, टेबलावर बोल्टने बसवा. व्हीआर हेडसेटचा हातातला कंट्रोलर त्या हँडलच्या दोन ठरलेल्या बिंदूंना टेकवून व्हीआरमधलं हँडल त्यावर जुळवा, आणि हे प्रत्येक सत्राआधी करा. सेंटीमीटरभर फरक पडला तरी हात चाचपडतो.