ॲस्पिरंट, कॅन्डिडेट की ॲप्लिकंट?

तुमची बहीण एमपीएससीची तयारी करते, तिच्या बायोडेटात ‘ॲस्पिरंट’ लिहू, ‘कॅन्डिडेट’ की ‘ॲप्लिकंट’, असं तुम्ही विचारलंय. तिने अर्ज भरलाय का, हॉल तिकीट आलंय का, हे मात्र लिहिलं नाहीत आणि सगळं त्यावरच आहे. अभ्यास चालू आहे पण अर्ज अजून भरलेला नाही, तर ती ॲस्पिरंट. अर्ज आणि फी भरली की ॲप्लिकंट. हॉल तिकीट आलं की कॅन्डिडेट.

एवढं सांगून थांबले असते, पण याच शब्दावरून माझ्या बाबांना चारचौघांत खाली बघावं लागलं होतं.

आमचं घर देवगड तालुक्यात. गणपतीला चाकरमानी आले होते, घर भरलेलं. मोठे काका मुंबईत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे घरात इंग्रजीबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. रात्रीची आरती झाली, पडवीत सगळे टेकले आणि शेजारच्या आजीने माझ्याबद्दल विचारलं, “चेडू (मुलगी) काय करता सध्या?” मी तोंड उघडायच्या आधी बाबा म्हणाले, “आमचा चेडू एमपीएससीचा कॅन्डिडेट आसा.” बाबा सातवी शिकलेले, आंब्याच्या कलमांच्या कामात आयुष्य गेलेलं. मी पूर्व परीक्षा पास झाले होते, मुख्य परीक्षेचं हॉल तिकीट आलं होतं. तो शब्द बाबांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतला होता.

काका लगेच म्हणाले, “अरे, कॅन्डिडेट असं कुणालाही म्हणत नाहीत. ही नुसती ॲस्पिरंट.”

बाबा काही बोलले नाहीत. उठून गणपतीवरच्या माटवीखालची समई सारखी करत बसले, ती सारखीच असताना. काका थोरले, त्यांना उलट बोलायची आमच्याकडे रीत नाही. मीही गप्प राहिले, आणि ते गप्प राहणं मला अजून टोचतं.

काकांचं चूक होतं. कॅन्डिडेट हा शब्द लॅटिनमधल्या पांढऱ्या रंगाच्या शब्दावरून आलाय. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस खडूने पांढरा केलेला टोगा घालून लोकांकडे मतं मागत फिरायचा. निवडून येणं पुढची गोष्ट, उभा राहिला की तो कॅन्डिडेट. आपल्याकडे 1951चा लोकप्रतिनिधित्व कायदाही कॅन्डिडेट कोणाला म्हणतो, तर ज्याचं नामनिर्देशन रीतसर झालंय किंवा झाल्याचा ज्याचा दावा आहे त्याला. जिंकलेल्याला नव्हे. तिकीट मिळायच्या आधी पक्षाच्या दारात जी गर्दी असते तिला आपली वर्तमानपत्रं ‘इच्छुक’ म्हणतात. ते ॲस्पिरंट. मराठीत हा फरक इतका स्वच्छ आहे की इंग्रजीचा मास्तर त्यात अडखळावा याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि ‘उमेदवार’? हा फारसीतून आला, उमेद म्हणजे आशा. पूर्वी नोकरी लागेल या आशेवर कचेरीत बिनपगारी काम करायचे, त्याला उमेदवारी करणं म्हणत. आमच्या आजोबांनी राजापुरात ती दोन वर्षं केली. ते सांगताना काकांचा आवाज अभिमानाने चढतो. बिनपगारी आशेवर बसलेले आजोबा उमेदवार, आणि पूर्व परीक्षा पास झालेली पुतणी नुसती ॲस्पिरंट?

एक मात्र मान्य करते. हॉल तिकीट आलं म्हणजे पात्रता पक्की झाली असं नाही, कागदपत्रं पुढे तपासतात. यूपीएससी तर आपल्या जाहिरातीत हे स्पष्टच लिहिते. शिवाय खासगी नोकरीत ॲप्लिकंट आणि कॅन्डिडेट सर्रास एकासाठी दुसरा वापरतात, तिथे कोणी अडवणार नाही. ॲस्पिरंटही वाईट शब्द नाही. त्याच्या मुळाशी श्वास आहे, एखाद्या गोष्टीकडे श्वास सोडणं. माझं भांडण ‘नुसती’शी आहे.

बहिणीच्या बायोडेटात तिन्हीपैकी काहीच लिहू नका. ‘एमपीएससी पूर्व परीक्षा उत्तीर्ण’ आणि साल लिहा, झाली असेल तर. झाली नसेल तर ‘तयारी सुरू’ पुरे. हॉल तिकीट आलं असेल आणि घरी कोणी विचारलं, तर तुम्ही स्वतः, मोठ्याने, कॅन्डिडेट म्हणा.

मी मुख्य परीक्षेत राहिले, आता गावातल्या दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ते हॉल तिकीट बाबांनी सातबाऱ्याच्या डब्यात ठेवलंय, पातळ प्लॅस्टिकमध्ये घालून. यंदा गणपतीत काका येणार आहेत. डबा मी माळ्यावरून खाली काढून ठेवलाय.