फ्युरी की जोशुआ? फ्रिजवरचं कात्रण आणि इतर भांडणं

मागच्या वेळी सहज एक ओळ लिहून गेलो, की २०२१ ला टायसन फ्युरी आणि अँथनी जोशुआ या दोन ब्रिटिश हेवीवेट बॉक्सरांची लढत ठरल्याप्रमाणे झाली असती तर फ्युरी जिंकला असता. बस, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आलीत की क्रिकेटवाल्यांना या वेळी सुट्टी. शिव्या वगळून जे उरलं ते खाली.

प्रश्न: मी जोशुआवाला, माझा मेहुणा फ्युरीवाला. तीन-चार वर्षं आमचं हेच चाललंय, जेवतानासुद्धा. तुम्ही त्याच्या बाजूने लिहिलंत आणि त्याने ते कात्रण फ्रिजवर चिकटवलंय, माझ्या घरच्या. निदान कारण तरी द्या. (मिरज)

उत्तर: दाजी (मेहुणा हेच म्हणत असणार तुम्हाला), कात्रण लगेच फाडू नका, आधी ऐका. जोशुआ साडेसहा फूट. त्याला समोरचा बहुतेक वेळा खालून येणारा भेटला, नाहीतर जुना चॅम्पियन व्लादिमिर क्लिश्कोसारखा बरोबरीच्या उंचीचा. फ्युरी सहा फूट नऊ इंच, हाताचा पल्ला ८५ इंच, जोशुआचा ८२. म्हणजे जोशुआला वर बघून मारावं लागलं असतं आणि तेही अशा माणसाला जो एवढा धिप्पाड असून कमरेतून मागे झुकतो आणि ठोसा नाकासमोरून जाऊ देतो.

मग वजन. फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरशी दुसरी लढत झाली तेव्हा फ्युरी २७३ पाउंडांचा होता, जवळजवळ १२४ किलो, आणि ते वजन त्याने नुसतं मिरवलं नाही, दर क्लिंचमध्ये (दोघं एकमेकांना धरून बिलगतात ते) वाइल्डरच्या मानेवर टाकलं. तुम्ही मिरजेचे, तुम्हाला काय सांगायचं, तालमीत वस्ताद हेच सांगतात की, मानेवर हात ठेव, भार टाक, थोड्या वेळात त्याचे पाय आपोआप जड होतात. सातव्या राऊंडला वाइल्डरच्या कॉर्नरमधून टॉवेल आला, म्हणजे हार कबूल. आणि जोशुआचा दम हा तर जुनाच विषय आहे.

पण माझ्या मते खरं कारण या दोन्हीत नाही, ते रुईझमध्ये आहे. १ जून २०१९, न्यूयॉर्क. डोपिंगमध्ये सापडलेल्या मिलरच्या जागी ऐनवेळी आलेला, पोट सुटलेला अँडी रुईझ. तिसऱ्या राऊंडला जोशुआने त्याला पाडला, संपवायला आत घुसला आणि डाव्या हुकने (बाजूने वळून येणारा ठोसा) स्वतःच खाली गेला. एकूण चार वेळा पडला, सातव्यात रेफरीने थांबवलं. डिसेंबरात सौदीत जोशुआने रुईझकडून बेल्ट, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनचे पट्टे, परत मिळवले हे खरं, पण कसे, तर बारा राऊंड लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारत, पळत, एकदाही अंगावर न जाता. हुशारीने खेळला, मान्य. पण त्यानंतर आत घुसून संपवणारा जोशुआ क्वचितच दिसला, आणि लांबून पॉइंट गोळा करायच्या खेळात फ्युरीला हरवायचं म्हणजे पाण्यात उतरून मगरीशी भांडण. २०२१ चा जोशुआ हा सावध जोशुआ होता, म्हणून माझं मत फ्युरी, पॉइंटवर.

प्रश्न: लढत झाली नाही त्यात चूक कोणाची? आमच्या ग्रुपवर सगळे प्रमोटरला शिव्या घालतात. (पिंपरी)

उत्तर: घाला, त्यांना सवय आहे. पण २०२१ ला प्रमोटर खरंच जुळवून बसले होते हो. बॉक्सिंगच्या मोठ्या संघटना चार, प्रत्येकीचा बेल्ट वेगळा. जोशुआकडे तीन, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. फ्युरीकडे डब्ल्यूबीसी. दोन लढतींचा करार आणि १६ मे ला फ्युरीने स्वतः व्हिडिओ टाकून सांगितलं, १४ ऑगस्ट, सौदी अरेबिया. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत लवादाचा निकाल लागला की वाइल्डरबरोबरच्या काँट्रॅक्टमध्ये तिसरी लढत लिहिलेली आहे, ती आधी द्यायची. संपलं! साखरपुडा झाला, हॉल बुक झाला आणि आधीचं लग्न निघालं.

मग फ्युरी ऑक्टोबरात लास व्हेगासला वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढला. ती लढत ज्याने बघितली तो हेवीवेट विसरू शकत नाही. आपल्याकडे रविवारची सकाळ होती, माझे पोहे तसेच थंड झाले. चौथ्या राऊंडला फ्युरी दोनदा पडला आणि अकराव्यात त्याने वाइल्डरला झोपवला. तिकडे जोशुआच्या मागे डब्ल्यूबीओने युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक लावला, कारण तो सक्तीचा आव्हानवीर होता, म्हणजे बेल्ट ठेवायचा तर त्याच्याशी लढावंच लागतं. सप्टेंबरात लंडनला जोशुआ हरला आणि तिन्ही बेल्ट गेले. पुढच्या वर्षी ३ डिसेंबरला कार्डिफला करू म्हणून परत बोलणी झाली, फ्युरीने ६०-४० वाटणी देऊ केली, तेही फिसकटलं आणि शेवटी त्या तारखेला फ्युरी चिसोराला तिसऱ्यांदा मारत बसला जे बघायची कोणालाच घाई नव्हती. या धंद्यात मोठी लढत मुरवत ठेवतात, लोणच्यासारखी, म्हणजे भाव वाढतो. वाढतो खरा, पण बरणीकडे कोणी बघितलं नाही तर बुरशीपण येते.

प्रश्न: दादा, उसिकने दोघांनाही दोन-दोनदा हरवलं. मग वादच संपला ना? आम्ही इथे ऑफिसात हे बोलतो तर गोरे लोक हसतात. (लेस्टर)

उत्तर: उसिक सगळ्यात भारी यावर वाद नाही. पण पहिला कोण ते ठरलं म्हणून दुसरा कोण ते ठरत नाही ना. जोशुआवाले २०२२ ची जेद्दाहची उसिकशी दुसरी लढत दाखवतात, स्प्लिट निकाल, म्हणजे तीन जजमध्ये दोन विरुद्ध एक, एका जजने जोशुआला दिली होती. फ्युरीवाले मे २०२४ ची रियाधची उसिकशी पहिली लढत दाखवतात, तीही स्प्लिट, तिथेही एकाने फ्युरीला एका पॉइंटने पुढे ठेवलं. मग जोशुआवाले एमएमएतून (लाथा-कुस्तीसकट मिश्र लढतींतून) आलेला फ्रान्सिस एनगानू काढतात: फ्युरी त्याच्याकडून पडला आणि कसाबसा सुटला, जोशुआने दोन राऊंडात झोपवला. त्यावर समोरचे डॅनियल ड्युबुआ हा बॉक्सर काढतात, ज्याने सप्टेंबर २०२४ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये जोशुआला पाचव्यात संपवला, आणि याच ड्युबुआला उसिकने आधी हरवलं होतं... हे असं रात्रभर चालतं, मी केलंय म्हणून सांगतो.

यात गंमत अशी की हा बेरीज-वजाबाकीचा हिशोब हेवीवेटमध्ये कधीच लागला नाही. जो फ्रेझरने १९७१ ला मोहम्मद अलीला हरवलं. जॉर्ज फोरमनने १९७३ ला त्याच फ्रेझरला दोन राऊंडात सहा वेळा पाडला. मग अलीचं फोरमनपुढे काय होणार? किन्शासात १९७४ ला आठव्या राऊंडला फोरमन चटईवर होता. केन नॉर्टनचंही तेच, त्याने अलीचा जबडा मोडला आणि फोरमनने त्याला दोन राऊंडात गुंडाळला. कोणाची स्टाइल कोणाला अडचणीची पडते एवढाच प्रश्न असतो. फ्युरीला फोरमनसारखा सरळ चालत येणारा चालतो, उसिकसारखा डावखुरा, सतत पाय हलवणारा चालत नाही. जोशुआ ना हा ना तो. ऑफिसात हे सांगून बघा, तरी हसतीलच.

प्रश्न: काका, मी नववीत आहे. एका बॉक्सरने वर्ल्ड चॅम्पियनशिपचा बेल्ट कचऱ्यात टाकला होता हे खरंय का? (नाशिक)

उत्तर: खरंय बाळा, रिडिक बो. डिसेंबर १९९२, लंडन, पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा बेल्ट कचऱ्याच्या डब्यात. का, तर डब्ल्यूबीसी म्हणत होती लेनॉक्स लुईसशी लढ. आणि गोष्ट आधीपासूनची आहे, १९८८ च्या सोल ऑलिम्पिक फायनलला लुईसने, तेव्हा तो कॅनडाकडून खेळायचा, या बो याला दुसऱ्याच राऊंडला थांबवलं होतं. बेल्ट मग लुईसला मिळाला आणि प्रोमध्ये ही दोघं एकदाही भिडली नाहीत. आमच्या पिढीने यावर जेवढी भांडणं केली तेवढी फ्युरी-जोशुआवर अजून झाली नसतील. बो पूर्ण करिअरमध्ये एकदाच हरला, होलीफिल्डकडून, त्याच लढतीत एक माणूस पॅराशूट घेऊन वरून थेट रिंगच्या दोरांवर पडला होता. तो किस्सा परत कधीतरी, अभ्यास कर.

प्रश्न: आपल्याकडे एवढे पैलवान, मग हेवीवेट बॉक्सर का नाही? (कोल्हापूर)

उत्तर: अगदीच नाही असं नाही. पंजाबचे कौर सिंग, १९८२ एशियाडचं गोल्ड, आणि १९८० ला दिल्लीत खुद्द अलीबरोबर प्रदर्शनी लढत. टोकियो ऑलिम्पिकला सतीश कुमार चेहऱ्यावर तेरा टाके घेऊन उझबेकिस्तानच्या जलोलोवपुढे उतरला होता. पण हे सगळे सैन्यातले. आपल्याकडे ज्याचं अंग भरतं तो पोरगा लाल मातीत जातो, सोपं आहे.

प्रश्न: सर, मिरजेहून आमच्या दाजींचं पत्र आलं असेल, ते छापू नका, घरात त्रास होतो. पण त्यांना न सांगता एक विचारतो. २०१७ चा जोशुआ आणि २०२० चा फ्युरी, दोघं आपापल्या बेस्टला, तर? (मिरज)

उत्तर: छापलं, सॉरी. बघ, एप्रिल २०१७ ला वेम्बलीत नव्वद हजारांसमोर जोशुआने क्लिश्कोला पाचव्यात पाडलं, स्वतः दमला, सहाव्यात स्वतः पडला आणि तरी अकराव्यात तो अपरकट (खालून वर हनुवटीवर येणारा ठोसा) काढला की क्लिश्कोचं डोकं छताला लागल्यासारखं वर गेलं. तो जोशुआ आत घुसायचा. आणि फ्युरी पडतो रे, कनिंगहॅमसारख्या त्याच्यापेक्षा कितीतरी हलक्या माणसाने त्याला पाडला होता. तो उठतो हे खरं, पण वाइल्डरकडे एकच उजवा होता, या जोशुआकडे त्याच्यामागून अजून तीन ठोसे यायचे. गंमत म्हणजे जोशुआ असा होता तेव्हा फ्युरी रिंगमध्येच नव्हता, २०१५ ला क्लिश्कोला हरवून अडीच वर्षं गायब, वजन आणि डिप्रेशनशी झगडत. तो परत तयार झाला तोवर इकडे रुईझ होऊन गेला होता.

त्यामुळे तुझ्या प्रश्नाला उत्तर जोशुआ, आठव्याच्या आत. हेही कापून चिकटव, फ्रिज त्यांचा आहे.